लोकसंख्या गावाची, रस्ता वाडीचा, गाडी फाट्यापर्यंत

गावाची लोकसंख्या आणि गावाला मिळणारी वाहतूक यांविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे वेगवेगळ्या जिल्ह्यांतली असली तरी त्यांच्या मुळाशी एकच अडचण आहे. माणसे मोजली जातात ती महसुली गावाच्या हद्दीत, रस्ता मंजूर होतो तो वस्तीच्या नावाने, आणि गाडी सुरू राहते किंवा बंद पडते ती भारमानाच्या, म्हणजे गाडीतील किती जागा भरल्या याच्या हिशेबावर. हे तीन हिशेब तीन वेगवेगळ्या कार्यालयांत चालतात आणि त्यांचा मेळ घालणे हे कोणाचेच नेमून दिलेले काम नाही. तो मेळ गावानेच घालायचा आहे, आणि त्यासाठी कोणत्या दारात कोणता आकडा चालतो हे गावाला ठाऊक असले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : आमच्या गावाची लोकसंख्या जनगणनेच्या पुस्तिकेत एक, ग्रामपंचायतीच्या फलकावर दुसरी आणि मतदार यादीवरून काढली तर तिसरीच निघते. यांतली खरी कोणती मानायची? शिवाय जनगणनेच्या पुस्तिकेत आमच्या गावात बससेवा 'उपलब्ध' असल्याची नोंद आहे. प्रत्यक्षात गाडी फाट्यावर थांबते आणि सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या वाड्यांतील माणसांना तिथून तासभर चढण चढावी लागते. ही नोंद खोटी नाही का?
— एक शिक्षक, पाटण तालुका, जि. सातारा

उत्तर : आपण दिलेले तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात, कारण ते तीन वेगळ्या गोष्टी मोजतात. जनगणनेचे 'गाव' म्हणजे महसुली गाव, म्हणजेच जमिनीच्या दप्तरात ज्याची स्वतंत्र हद्द आहे ते गाव. त्या हद्दीत गावठाण येते, खालच्या आळीपासून सड्यावरच्या धनगरवाड्यापर्यंतच्या सगळ्या वाड्या येतात, आणि या सगळ्यांची मिळून एकच बेरीज छापली जाते. ग्रामपंचायत ही वेगळी हद्द आहे. आपल्या भागात अनेक ठिकाणी गट ग्रामपंचायत असते, म्हणजे दोन किंवा अधिक महसुली गावे एका ग्रामपंचायतीत येतात, आणि फलकावरचा आकडा त्या सर्वांचा असतो. मतदार यादीत १८ वर्षांखालील मुले नसतात. उलट मुंबई-पुण्याला स्थायिक झालेल्या, पण नाव गावाकडेच ठेवलेल्या माणसांची नावे तिच्यात असतात. त्यामुळे यादीवरून मुले सोडून काढलेला आकडा कधीकधी जनगणनेच्या पूर्ण आकड्याच्याही वर जातो, आणि त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

शासनाच्या योजनांसाठी ग्राह्य धरली जाते ती जनगणनेचीच संख्या, आणि ती अजूनही २०११ची आहे. २०२१ची जनगणना करोनाच्या साथीमुळे पुढे ढकलली गेली. पुढील जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली असून तिचा संदर्भ दिनांक, म्हणजे ज्या दिवशीची लोकसंख्या धरायची तो दिवस, हिमाच्छादित प्रदेश वगळता, १ मार्च २०२७ हा आहे. म्हणजे २०११ साली जन्मलेली मुले दहावीच्या पुढे गेली तरी त्यांच्या गावाचा हिशेब त्यांच्या जन्मवर्षाच्या आकड्यावरच चालू आहे.

आता बससेवेच्या नोंदीविषयी. जिल्हा जनगणना पुस्तिकेतील ग्राम निर्देशिकेत प्रत्येक गावापुढे सार्वजनिक बस, खासगी बस, रेल्वे स्थानक, रिक्षा, टॅक्सी, ट्रॅक्टर, बैलगाडी, होडी अशा सोयींचे रकाने असतात. रस्त्यांसाठी राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, डांबरी रस्ता, खडीचा रस्ता आणि पायवाट असे वेगळे रकाने असतात. सोय असेल तर 'आहे' असे लिहायचे आणि नसेल तर ती किती लांब आहे ते तीन टप्प्यांत सांगायचे: ५ किलोमीटरच्या आत, ५ ते १० किलोमीटर, किंवा १० किलोमीटरच्या पलीकडे. ही माहिती मोलाची आहे आणि देशभरातल्या लहानातल्या लहान गावाविषयी इतकी सलग माहिती दुसऱ्या कोणत्याही दप्तरात मिळणार नाही. परंतु नोंद होते ती महसुली गावाची. आपला फाटा गावाच्या हद्दीत पडत असेल तर नोंद करणाऱ्याने 'आहे' असे लिहिले यात त्याच्याकडून खोटेपणा झालेला नाही. दोष रकान्याचा आहे. दिवसातून किती फेऱ्या होतात, शेवटची गाडी किती वाजता आहे, पावसाळ्यात ती येते की नाही आणि थांब्यापासून वरची वाडी किती चढणीवर आहे, हे प्रश्न त्या रकान्याने विचारलेलेच नाहीत.

म्हणून माझी सूचना अशी की, आपण शाळेत आहातच, तर वाडीनिहाय तक्ता तयार करावा. प्रत्येक वाडीतील घरे, माणसे, शाळेत जाणारी मुले, साठीपुढची माणसे, गरोदर स्त्रिया, डांबरी रस्त्यापर्यंतचे पायवाटेने अंतर आणि त्याला लागणारा वेळ, इतके रकाने पुरे आहेत. अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या यांच्या नोंदवह्यांत यातला बराच तपशील आधीच असतो. हा तक्ता ग्रामसभेत वाचून ठरावाला जोडला की तो अधिकृत कागद होतो. जनगणनेचा गावनिहाय प्रसिद्ध होणारा गोषवारा वयाविषयी फक्त सहा वर्षांपर्यंतची मुले वेगळी दाखवतो. आपल्या गावात म्हातारी माणसे किती आहेत, हे छापील दप्तरात कोणाला दिसतच नाही. वाहतुकीची सर्वांत जास्त गरज ज्यांना आहे त्यांचीच संख्या दप्तरात नाही, आणि ती आपल्या तक्त्यामुळे प्रथमच कागदावर येईल.

प्रश्न : आमच्या पाड्याला रस्ता नाही. आजारी माणसाला बांबूला झोळी बांधून खाली आणावे लागते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेसाठी पाचशे लोकसंख्या लागते आणि आमचा पाडा त्यात बसत नाही, असे आम्हाला सांगण्यात आले. शिवाय मध्ये वनजमीन आहे. आम्ही काय करावे?
— एक वाचक, अक्राणी तालुका, जि. नंदुरबार

उत्तर : आपल्याला मिळालेली माहिती अपुरी आहे, आणि अपुऱ्या माहितीमुळे पाड्याने वर्षानुवर्षे गप्प बसावे ही फार वाईट गोष्ट आहे. ही योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली तेव्हापासून तिच्यात लोकसंख्येच्या दोन मर्यादा आहेत. सपाट प्रदेशातील वस्तीसाठी ५००, आणि डोंगरी राज्ये, वाळवंटी भाग व राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील आदिवासी क्षेत्र यांसाठी २५०. अक्राणी तालुका संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहे, तेव्हा आपल्याला २५०ची मर्यादा लागू होते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या चौथ्या टप्प्यातही हीच मर्यादा कायम आहे. त्यात २५ हजार न जोडलेल्या वस्त्यांसाठी ६२,५०० किलोमीटर रस्ते करण्याचे ठरले असून लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार धरायची आहे. आधीचे टप्पे २००१च्या जनगणनेवर सुरू झाले होते. त्या वेळी कमी भरलेली काही वस्ती या वेळी पात्र ठरू शकते, म्हणून जुने नकाराचे पत्र शेवटचे समजू नये.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. या योजनेचा घटक महसुली गाव नसून वस्ती आहे. पाडा, वाडी, तांडा, टोला यांपैकी ज्या नावाने आपण एकत्र राहणाऱ्या घरांना ओळखतो ती वस्ती. आणि एकमेकींजवळच्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरण्याची तरतूद योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत आरंभापासून आहे: सपाटीवर ५०० मीटरच्या परिघातील, आणि डोंगरी भागात पायवाटेने दीड किलोमीटरच्या आतील वस्त्या मिळून एक धरता येतात. आपल्या पाड्यात एकट्याने २५० माणसे भरत नसतील तर शेजारचे पाडे कोणते, त्यांच्यातील अंतर किती, आणि त्यांनाही रस्ता नाही ना, हे ग्रामसभेच्या ठरावात स्पष्ट लिहावे. ठरावात 'आमच्या गावाला रस्ता द्यावा' असे मोघम लिहिले आणि महसुली गावाचे नाव आधीच 'जोडलेले' म्हणून नोंदले गेले असेल, तर तो अर्ज पहिल्याच टेबलावर थांबतो. असे ठराव मी पाहिले आहेत. त्यांत गाऱ्हाणे खरे असते आणि नेमका वस्तीचा उल्लेखच राहून गेलेला असतो.

वनजमिनीविषयी २००६च्या वन हक्क कायद्यातील कलम ३(२) वाचावे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याच्या टाक्या यांच्याबरोबर रस्त्यांसाठीही प्रत्येक प्रकरणी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळती करता येते. अट अशी की हेक्टरी ७५पेक्षा जास्त झाडे तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. रस्त्यासाठी सहा मीटर रुंदीची पट्टी धरली तर एका हेक्टरात सुमारे १,६६६ मीटर लांबी बसते. सातपुड्यातील पुष्कळ पाड्यांचे मुख्य रस्त्यापासूनचे वनातून जाणारे अंतर यापेक्षा जास्त असते हे खरे, आणि तिथे वन संवर्धन कायद्याखालचा लांबचा मार्ग धरावा लागतो. पण सगळे अंतर वनजमिनीचे नसते. मध्ये वैयक्तिक वन हक्काचे पट्टे, महसुली जमीन, जुनी बैलवाट असे तुकडे असतात. तलाठ्याकडून आणि वनरक्षकाकडून ते तुकडे नकाशावर वेगळे करून घेतले तर खरी वनजमीन किती हे कळते आणि पुढचा मार्ग ठरतो.

राज्याच्याही योजना आहेत. २०१५मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री ग्रामसडक योजना, आदिवासी विकास विभागाची ठक्कर बाप्पा आदिवासी वस्ती सुधारणा योजना आणि पाड्यांना बारमाही रस्त्याने जोडण्यासाठीची भगवान बिरसा मुंडा जोडरस्ते योजना. केंद्राच्या मर्यादेत न बसणाऱ्या पाड्यांनी या तिन्हींची चौकशी आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयात लेखी करावी. आपल्याच जिल्ह्यात नर्मदेच्या फुगवट्यामुळे होडीखेरीज साधन न उरलेली गावे आहेत, आणि तिथल्या माणसांसाठी तरंगत्या दवाखान्याची सोय करावी लागली. म्हणजे संख्या थोडी असली तरी, निकड मान्य झाली की, व्यवस्था निघू शकते. पाड्यातील माणसे थोडी आहेत म्हणून त्यांचे आजारपण हलके होत नाही, आणि हे अर्जात लिहायला संकोच वाटण्याचे कारण नाही.

प्रश्न : आमच्या गावातील निम्म्याहून अधिक घरे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. जनगणना नेमकी फेब्रुवारीत होते. मग आमची माणसे कुठे मोजली जातात? कमी लोकसंख्येमुळे रस्ता आणि गाडी मिळत नाही, असे होते का?
— एक वाचक, शिरूर कासार तालुका, जि. बीड

उत्तर : आपली शंका रास्त आहे. भारताच्या जनगणनेत माणूस मोजण्याचा नियम असा आहे की, गणनेच्या कालावधीत जो आपल्या नेहमीच्या घरी पूर्ण वेळ किंवा काही वेळ राहिला तो घरी मोजला जातो, आणि जो पूर्ण कालावधी घराबाहेर होता तो जिथे आढळेल तिथे मोजला जातो. २०११ साली हा कालावधी ९ ते २८ फेब्रुवारी असा होता. त्या वीस दिवसांत ऊसतोडीचे कुटुंब कोल्हापूर, सांगली, पुणे किंवा कर्नाटकातील फडावर, म्हणजे ऊसतोड चालू असलेल्या शेतावर असेल, तर त्याची नोंद तिथल्या कोपीत (तात्पुरत्या झोपडीत), तिथल्या गावाच्या खात्यावर झाली. राज्याच्या किंवा देशाच्या बेरजेतून ती माणसे नाहीशी झाली नाहीत, पण आपल्या गावाच्या बेरजेतून झाली. फडावरची गणना नीट झाली नसेल तर ती दोन्हीकडून सुटली असण्याचाही धोका राहतो.

याचा परिणाम रस्त्यापुरता थांबत नाही. सपाट प्रदेशात आरोग्य उपकेंद्रासाठी ५,००० आणि प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी ३०,००० लोकसंख्येचे प्रमाण ठरलेले आहे. ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीतही लोकसंख्या हाच मुख्य आधार असतो. साखर कारखान्यांना माणसे पुरवणाऱ्या गावाने आपल्या वाट्याच्या सोयी गमवाव्यात हे अन्यायाचे आहे, आणि त्यात दुरुस्ती व्हावी म्हणून बोलले पाहिजे.

नियमाबाहेर जाऊन बाहेरगावच्या माणसांची नावे घरी लिहून देऊ नयेत. त्याने नोंद दुहेरी होते आणि गावाचा आकडाच संशयास्पद ठरतो. त्याऐवजी ग्रामसभेने स्थलांतराची नोंदवही ठेवावी: कोणते कुटुंब कोणत्या महिन्यात गेले, कोणत्या कारखान्याच्या हद्दीत आहे, मागे कोण राहिले आणि सर्व माणसे कधी परतली. २०२७च्या गणनेपूर्वी टोळ्या नेणाऱ्या मुकादमांमार्फत फडावरच्या टोळ्यांपर्यंत एवढा निरोप पोहोचवावा की, गणना करणारा कोपीवर आला तर नाव, गावाचा पत्ता आणि जन्मस्थान नीट सांगा, टाळू नका. स्थलांतराचे तक्ते याच उत्तरांवरून तयार होतात.

गाडीविषयी विचार करताना मागे राहणाऱ्या माणसांकडे पाहावे. हंगामात गावात उरतात ती म्हातारी माणसे आणि त्यांच्याजवळ ठेवलेली शाळकरी मुले. संख्या कमी म्हणून याच महिन्यांत फेरी कमी होते, आणि नेमक्या याच महिन्यांत दुचाकी चालवू शकणारी तरुण माणसे गावात नसतात. आजीला दवाखान्यात कोण नेणार, हा प्रश्न भारमानाच्या तक्त्यात येत नाही. म्हणून आपल्या मागणीपत्रात वर्षाची सरासरी देऊ नका. नोव्हेंबर ते मार्च आणि एप्रिल ते ऑक्टोबर असे दोन वेगळे हिशेब द्या आणि हंगामातील महिन्यांसाठी तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी तरी एक नक्की फेरी मागा.

प्रश्न : आमच्या गावात रात्री मुक्कामी गाडी येत असे आणि पहाटे तीच गाडी मुले, दूधवाले, मुंबईच्या गाडीला जाणारी माणसे यांना घेऊन निघत असे. टाळेबंदीत ती बंद झाली, मग संपात बंद राहिली आणि पुढे सुरूच झाली नाही. आगारात विचारले तर 'भारमान नाही' असे उत्तर मिळते. गावात माणसेच कमी होत चालली आहेत हेही खरे आहे. अशा गावाने गाडी मागायची कोणत्या तोंडाने?
— एक वाचक, राजापूर तालुका, जि. रत्नागिरी

उत्तर : पूर्ण हक्काने मागायची. आपण माणसे कमी होत असल्याचे लिहिले आहे, ते आकड्यांनीही सिद्ध आहे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७ होती आणि २०११ साली ती १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना हे दोन जिल्हे घटले. २०११ साली रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, तर राज्याचे प्रमाण ९२९ होते. कर्ते पुरुष मुंबईला आणि घर, शेती, गुरे व सासू-सासरे स्त्रियांच्या अंगावर, ही कोकणाची जुनी घडण या एका आकड्यात दिसते. मात्र यातून निघणारा निष्कर्ष 'माणसे कमी, म्हणून गाडी नको' असा नाही. उरलेल्या माणसांत स्वतःचे वाहन नसलेल्यांचे, किंवा असूनही चालवू न शकणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे. त्यामुळे घटत्या लोकसंख्येच्या गावात दर माणशी एसटीची गरज वाढत जाते.

आता भारमानाचा हिशेब समजून घेऊ. या उत्तराचा मुख्य भाग हाच आहे, आणि बहुतेक गावे तो न पाहताच हार मानतात. गाडीने एकूण जितकी आसन-किलोमीटर क्षमता पुरवली, त्यातली प्रवाशांनी किती वापरली, याचे शेकडा प्रमाण म्हणजे भारमान. समजा, ४४ आसनांची गाडी आहे. तालुक्यापासून फाट्यापर्यंत ३२ किलोमीटर हमरस्ता आहे आणि फाट्यापासून गावापर्यंत ८ किलोमीटर आतला रस्ता आहे. हमरस्त्यावर गाडी भरून जाते आणि आत फक्त दहा माणसे जातात. पूर्ण ४० किलोमीटरची एक फेरी धरली तर क्षमता ४४ गुणिले ४०, म्हणजे १,७६० होते, आणि वापर १,४०८ अधिक ८०, म्हणजे १,४८८ होतो. भारमान जवळजवळ ८५ टक्के भरते. आता तीच दहा माणसे, तोच रस्ता, पण फाट्यापासून आतली ८ किलोमीटरची फेरी वेगळी दाखवली, तर क्षमता ३५२ आणि वापर ८०, म्हणजे भारमान २३ टक्क्यांच्याही खाली जाते. फेरी कुठे सुरू होते आणि कुठे संपते असे कागदावर धरले आहे, त्यावर गाव 'चालणारे' की 'न चालणारे' हे ठरले.

म्हणून आपली पहिली मागणी वेगळी फेरी सुरू करण्याची नसावी. हमरस्त्याने जाणाऱ्या एखाद्या चालू फेरीला आपल्या गावावरून नेण्याची, किंवा तिचा शेवट फाट्याऐवजी गावात करण्याची मागणी करावी. ज्या गावांच्या आतल्या रस्त्याला दुसरे तोंड आहे, म्हणजे एका फाट्याने शिरून दुसऱ्या फाट्याला बाहेर पडता येते, त्यांना हे सोपे जाते. आपल्या तालुक्यात अशा जोडरस्त्यांचे काही किलोमीटर अपुरे राहिल्यामुळे अनेक गावे टोकाची गावे होऊन बसली आहेत. तिथे गाडीच्या मागणीबरोबर जिल्हा परिषदेकडे त्या राहिलेल्या तुकड्याची मागणी केली पाहिजे.

दुसरे काम माहिती मिळवण्याचे. बंद झालेल्या फेरीचे शेवटच्या वर्षातील महिनावार उत्पन्न, भारमान आणि रद्द झालेल्या दिवसांची संख्या माहितीच्या अधिकाराखाली मागावी. २००५च्या कायद्यानुसार ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. रद्द दिवसांचा आकडा मी मुद्दाम सांगत आहे. गाडी आठवड्यातून दोनदा आलीच नाही तर माणसे तिच्यावर विसंबणे सोडतात, वडाप (खासगी प्रवासी जीप) धरतात, मुले शेजारच्या दुचाकीवर बसतात, आणि मग जी गाडी येते ती रिकामी येते. त्या रिकामेपणाचे खापर लोकसंख्येवर फुटते. टाळेबंदीपूर्वी एसटी महामंडळाकडे सुमारे १८ हजार गाड्या होत्या आणि पुढच्या काही वर्षांत ती संख्या १५ हजारांच्या आसपास आली. त्यामुळे आगारावरही ताण आहे हे मान्य करावे लागेल. तरीही कोणत्या गावची फेरी आधी कमी करायची हे ठरवताना ज्या गावाला दुसरे साधनच नाही त्याचा क्रम शेवटी लागला पाहिजे. आजच्या पद्धतीत तो पहिला लागतो, आणि माझा आक्षेप या क्रमाला आहे.

तिसरे, प्रवाशांची खरी मोजणी गावानेच करून द्यावी. मासिक पास असलेल्या विद्यार्थ्याच्या हाती रोज नवे तिकीट पडत नाही. म्हणून पासधारकांची संख्या शाळा-महाविद्यालयांकडून लेखी घ्यावी. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वयाच्या नागरिकांना निम्मे भाडे आहे आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्मे भाडे आहे. या सवलतींची प्रतिपूर्ती राज्य शासन महामंडळाला करते. आपल्या गावात स्त्रिया आणि वृद्ध जास्त आहेत ही गोष्ट त्यामुळे मागणीच्या विरोधात जात नाही. गाडीच नसलेल्या गावात मात्र या सर्व सवलती कागदावरच राहतात. पंचाहत्तरीच्या आजोबांना मोफत प्रवास मिळाला आणि त्यासाठी आधी फाट्यापर्यंत भाड्याची रिक्षा करावी लागली, तर सवलत कोणाला मिळाली?

मुक्कामी गाडीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिच्यासाठी चालक-वाहकांना झोपायला स्वच्छ खोली, पाणी, शौचालय आणि रात्रीच्या जेवणाची सोय लागते. गाडी वळवायला मोकळी जागा लागते. पूर्वी गावे ही व्यवस्था देवळाच्या धर्मशाळेत किंवा शाळेच्या पडवीत करीत. आजच्या कर्मचाऱ्यांनी तेवढ्यावर भागवावे अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. ग्रामपंचायतीने एक खोली कायमची नेमून द्यावी आणि ठरावात तसे लिहावे. रस्त्याची साईडपट्टी पावसाने खचलेली नाही, झाडांच्या फांद्या टपाला लागत नाहीत आणि वळणावर समोरचे वाहन दिसते, याचीही खात्री करून घ्यावी. ग्रामसडक योजनेतील रस्त्याची डांबरी रुंदी ३.७५ मीटर असते आणि कमी वर्दळीच्या ठिकाणी ३ मीटरच ठेवलेली असते. त्यावर मोठी गाडी आणि समोरून वाहन आले की साईडपट्टीवर उतरावेच लागते. 'रस्ता खराब' हे कारण आगाराने लेखी दिले असेल तर ते पत्र घेऊन बांधकाम विभागाकडे जावे. नवा रस्ता झाल्यावर पहिली पाच वर्षे त्याच्या देखभालीची जबाबदारी ठेकेदाराची असते, आणि त्याच्या नावाचा फलक रस्त्याच्या तोंडाला लावलेला असतो.

मागणीचा अर्ज आगार व्यवस्थापकांना द्यावा आणि प्रत विभाग नियंत्रकांना पाठवावी. शाळेच्या मुख्याध्यापकांचे पत्र, ग्रामसभेचा ठराव आणि वर सांगितलेली मोजणी सोबत जोडावी. शेजारच्या दोन-तीन गावांनी मिळून एकच अर्ज केला आणि एकच वेळ मागितली तर तो नाकारणे कठीण जाते. प्रत्येक गावाने स्वतःच्या सोयीची वेगळी वेळ मागितली की सगळीच मागणी बारगळते, म्हणून ही तडजोड आधी आपसांत करून घ्यावी.

प्रश्न : मुलगी यंदा अकरावीला तालुक्याच्या गावी जाणार आहे. तिच्या प्रवासासाठी कोणत्या सवलती आहेत?
— एक पालक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : ग्रामीण भागातील विद्यार्थिनींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एसटीचा मोफत पास मिळतो. ही योजना पूर्वी दहावीपर्यंत होती, आता बारावीपर्यंत आहे. बारावीनंतर नेहमीचा विद्यार्थी मासिक पास ६६.६७ टक्के सवलतीत मिळतो. राज्यातील १२५ तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाखाली मुलींसाठी निळ्या रंगाच्या स्वतंत्र गाड्या चालवल्या जातात, आणि शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकल देण्याचीही तरतूद त्यात आहे. आपला तालुका त्या यादीत आहे का, हे जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात कळेल. पाससाठी महाविद्यालयाने विद्यार्थिनींची यादी आगाराकडे वेळेत पाठवणे आवश्यक असते. प्रवेश घेतानाच त्याची आठवण करावी. महाविद्यालय सुटण्याची वेळ आणि परतीच्या गाडीची वेळ जुळत नसेल तर वेळ बदलण्याची मागणी पालकांनी एकेकट्याने न करता प्राचार्यांच्या पत्राने करावी, आणि त्या पत्रात तिच्या वाटेवरच्या सर्व गावांतील मुलींची संख्या थांब्यानिहाय लिहावी.